काटा खाली का आला: मारुती 800 च्या घरगुती पॅनलच्या नोंदी

28 एप्रिल 2024

गाडी आज गॅरेजमधून परत आली. 1997 ची मारुती 800, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, 796 सीसी. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून लेथवर फेसिंग करून, म्हणजे सपाट करून, घ्यावं लागलं. गॅस्केट नवं, रेडिएटरचा खालचा होज (पाण्याचा रबरी पाइप) नवा, रेडिएटर धुऊन घेतला. आवाज चांगला आहे.

हे कशामुळे झालं ते आधी लिहून ठेवते, पुढचं सगळं काम त्यावरच उभं आहे. तीन आठवड्यांपूर्वी बाबा पनवेलहून एकटे येत होते. वाशीचा खाडीपूल ओलांडला आणि मानखुर्दच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या. पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढलेला त्यांनी पाहिला. गाडी कडेला घ्यावी असा विचार करतात तोवर काटा उतरायला लागला, पार अर्ध्याच्या खाली आला. त्यांना वाटलं, पंखा लागला, इंजिन थंड होतंय. ते चालवत राहिले. दीडेक किलोमीटरवर इंजिन ठोकायला लागलं आणि बंद पडलं.

खालचा होज फाटला होता. पाणी सगळं रस्त्यावर गेलं, आणि सेंडरच्या (पाण्याचं तापमान मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) टोकाला पाणीच उरलं नाही. त्याच्याभोवती नुसती वाफ आणि हवा होती. धातूची उष्णता सेंडरपर्यंत आणायचं काम पाणी करतं, हवेला ते तसं जमत नाही. त्यामुळे हेड जळत असताना काटा मात्र निवांत खाली बसला. त्या घटकेला मीटर जे दाखवत होतं त्याच्या नेमकं उलटं इंजिनात चाललं होतं.

बाबा 71 वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं गाडी चालवतायत. त्या दिवसापासून त्यांनी चावीला हात लावलेला नाही. "माझ्याच हातून गेली ती," एवढंच म्हणतात. त्यांची चूक काहीच नव्हती. काटा खाली आला तर कुणीही तेच समजलं असतं.

म्हणून हे पॅनल, म्हणजे जुन्या मीटरच्या जोडीला माझं स्वतःचं मीटर, करायचं. गणपतीला गावी जायच्या आत. चतुर्थी 7 सप्टेंबरला आहे.

5 मे

मीटर उतरवलं. मागची केबल सोडवली, कपलर काढले, आणि टेबलावर जुना टॉवेल अंथरून उघडलं.

आत जे दिसलं त्याने मला या जुन्या वस्तूबद्दल आदर वाटला. पेट्रोल आणि पाण्याच्या काट्यामागे द्विधातूची पट्टी आहे. तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकवते. हे सगळं सावकाश होतं. गाडी वळली, टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं, तरी काटा नाचत नाही. पट्टी तापायला आणि निवायला वेळ घेते तेवढ्यात पेट्रोल पुन्हा समपातळीत येतं. सरासरी काढायचं काम एक वाकलेली पट्टी करते. माझ्या पॅनलमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डला तेच करायला प्रोग्रॅम लिहावा लागणार.

दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, कंपनीच्या हार्नेसमधली एकही वायर कापायची नाही. जुनं मीटर, स्पीडोमीटर, किलोमीटरचे आकडे सगळं आहे तसंच राहील. स्पीडोमीटर तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे सक्तीचाच आहे, आणि 2027 मध्ये गाडी पुन्हा पासिंगला वडाळ्याच्या आरटीओत न्यायची आहे. माझं पॅनल त्याच्या जोडीला बसेल, त्याच्या जागी नाही.

दुसरी, दाखवायचं कमीत कमी. पाण्याचं तापमान, हेडच्या धातूचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट. तीनच आकडे. आरपीएम नको, बाहेरचं तापमान नको, घड्याळ नको. बाबांची नजर रस्त्यावरच राहिली पाहिजे. तिघांपैकी कुठलाही आकडा बिघडला तरच लाल दिवा आणि बझर. एरवी दिवे बंद. मोठ्या विमानांच्या कॉकपिटमध्येही हाच विचार असतो: सगळं सुरळीत असेल तर पॅनल काळोखं.

संध्याकाळी मामा आला. मामाने तीस वर्षं कुर्ल्यात गाड्यांचं वायरिंग केलंय. त्याने पॅनलच्या आराखड्याचा माझा कागद शांतपणे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: "दिवा पेटला नाही, तर काय समजायचं? सगळं बरं आहे, का दिवाच गेलाय?"

मला उत्तर देता आलं नाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तो प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

11 मे

लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचा बाजार. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदारापासून हमालापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेले, उकाडा असा की पिशवी खांद्यावर चिकटत होती. शनिवार मुद्दाम निवडला, रविवारी बहुतेक शटर खाली असतात.

घेतलं ते: प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड आर्डुइनो नॅनो, दोन (एक जळेल हे धरून), मॅक्स 6675 चा थर्मोकपल बोर्ड (थर्मोकपल म्हणजे धातूचं तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी), व्होल्ट कमी करणारं एलएम 2596 चं बक मॉड्यूल, पीसी 817 ऑप्टोकपलर (विजेचा थेट जोड न करता खूण पलीकडे पोचवणारा), व्होल्टचे झटके अडवणारा टीव्हीएस डायोड, 40 अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) सॉकेटसकट, 2.4 इंची टीएफटी स्क्रीन (एलसीडीचाच प्रकार), आणि एक इंची सेव्हन सेगमेंटचे, म्हणजे सात एलईडी पट्ट्यांचे, आकडे. आकडे खरं तर हौसेने घेतले, वापरायचा विचार स्क्रीनचाच होता.

तिथून चालत ऑपेरा हाऊसला. एका वायरचा तापमानाचा सेंडर आणि होजमध्ये बसवायचा पितळी अडॉप्टर तिथेच मिळाला. दुकानातल्या काकांनी विचारलं कुठल्या गाडीला, मी सांगितलं, त्यांनी होजचा व्यास न मोजता अडॉप्टर काढून दिला आणि तो बरोबर बसला.

19 मे

आज फक्त पॉवर.

मल्टिमीटर लावून पाहिलं: गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट, सेल्फ मारताना 8.9 पर्यंत घसरण, चालू झाल्यावर 14.1. बोर्डला हवेत 5. पहिल्यांदा घरात पडलेला 7805 (जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवणारा रेग्युलेटर) लावणार होते. हिशेब केला: 14 मधून 5 वजा जाता 9 व्होल्ट, करंट 0.3 अँपिअर, म्हणजे 2.7 वॉट नुसती उष्णता. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे एवढी उष्णता कोंडून ठेवणं बरं नाही. बक मॉड्यूलच लावलं, आधी फ्यूज, मग टीव्हीएस डायोड, मग मॉड्यूल.

सेल्फ मारला की बोर्ड रीस्टार्ट व्हायचा. दीड तास कपॅसिटर वाढवत बसले. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "लाइन कुठून घेतलीस?" टेपची लाइन, म्हणजे ॲक्सेसरीची. चावी सेल्फवर गेली की ती लाइन गाडी स्वतःच तोडते, सगळी ताकद सेल्फला मिळावी म्हणून. इग्निशनच्या लाइनवर घेतलं, प्रश्न संपला.

26 मे

स्वयंपाकघर. आईने गॅसचा एक बर्नर मोकळा करून दिला आणि "माझं दूध आधी" असं सांगून उभी राहिली.

सेंडर दोऱ्याने पातेल्यात टांगला, तळाला टेकू दिला नाही. तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी काचेचा थर्मामीटर. आई थर्मामीटर वाचायची, मी मल्टिमीटर. 40 अंशाला 290 ओहम, 60 ला 134, 80 ला 70, उकळी फुटली तेव्हा 38. तापमान वाढतं तसा रोध घटतो, आणि सारखा घटत नाही. सुरुवातीला धाडकन, नंतर हळूहळू. म्हणून दोन टोकांमधून सरळ रेघ मारून चालत नाही. स्टाइनहार्ट आणि हार्ट यांनी 1968 मध्ये मांडलेलं समीकरण यासाठीच वापरतात. तीन ठिकाणचे आकडे दिले की मधला सगळा वक्र मिळतो. मी 40, 80 आणि उकळीचे दिले, 60 तपासायला ठेवला. समीकरणाने 60.4 सांगितलं.

इथेच मामाच्या प्रश्नाचा पहिला तुकडा हाती लागला. सेंडरची वायर तुटली तर रोध अनंत होतो. आणि माझ्या समीकरणाच्या लेखी रोध जास्त म्हणजे तापमान कमी. म्हणजे वायर तुटली तर पॅनल म्हणणार, इंजिन थंडगार आहे! मानखुर्दला काट्याने जे केलं तेच माझं पॅनल करणार होतं. आता रोध 2000 ओहमच्या वर गेला तर आकडा दाखवायचाच नाही, तीन आडव्या रेघा आणि लाल दिवा. मुंबईत इंजिन एवढं थंड कधीच नसतं, त्यामुळे ही सीमा निर्धास्त ठेवता येते. मॅक्स 6675 मध्ये तर थर्मोकपल तुटल्याची खूण सांगणारा वेगळा बिटच दिलेला आहे, तोही वाचायला घेतला.

2 जून

स्क्रीन बाद.

घरात टीएफटीवर आकडे सुंदर दिसत होते. दुपारी बारा वाजता गाडी सोसायटीच्या गेटबाहेर उन्हात लावली, स्क्रीन डॅशबोर्डवर ठेवली. आकडे आहेत एवढंच कळत होतं, किती आहेत ते कळत नव्हतं. मग बाबांना खाली बोलावलं. ते ड्रायव्हर सीटवर बसले नाहीत, बाजूच्या सीटवर बसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते उन्हात काळा चष्मा घालतात. म्हणाले, "मला काहीच दिसत नाही. काळी पाटी आहे." मी त्यांचा चष्मा लावून पाहिला. खरंच काळी पाटी. मान तिरकी केली की आकडे उगवतात, सरळ केली की मावळतात. चष्मा पोलराइज्ड आहे आणि एलसीडीतून येणारा प्रकाशही पोलराइज्डच असतो. दोघांच्या दिशा आडव्या-उभ्या झाल्या की प्रकाश अडतो. मी शंभर वेळा चाचणी केली असती तरी माझ्या डोळ्यांना हे कधी दिसलं नसतं.

सेव्हन सेगमेंट ठेवले. एलईडीच्या प्रकाशाला असली दिशा नसते. वर धुरकट ॲक्रिलिकचा तुकडा धरला तर न पेटलेले सेगमेंट नाहीसे होतात आणि पेटलेले उठून दिसतात. बाबांनी काच खाली करून, काळ्या चष्म्यातून, मान न वळवता वाचलं: "अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी." चाचणीसाठी मी सगळीकडे 8 पेटवले होते.

9 जून

आज मुंबईत मान्सून आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. गाडीबाहेरची कामं आता मिळेल त्या उघडिपीत.

ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून ऑप्टोकपलर लावून पल्स घेतले. तिथे काहीशे व्होल्टचे झटके असतात, बोर्डला सरळ जोडलं तर नॅनो तिथल्या तिथे संपेल. आरपीएम दाखवायचं नाही, पण इंजिन चालू आहे का हे पॅनलला कळायला हवं. नुसती चावी फिरवून गाणी ऐकत बसलं तर 12.3 व्होल्टला बझर वाजता कामा नये, आणि इंजिन चालू असताना तेच 12.3 म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही. तीन सिलिंडरमुळे दोन फेऱ्यांना तीन ठिणग्या, फेरीला दीड. लिहून ठेवते, नाहीतर पुढे कधी आरपीएम काढलं तर आकडा चुकेल.

23 जून

आकडे आणि स्विच एकाच पेटीत ठेवायचे होते. ते आता वेगळे केले, आणि हा निर्णय मला या सगळ्या कामातला सर्वांत पटलेला आहे.

आकडे डॅशबोर्डच्या वर, काचेजवळ. वय झालं की लांबवरून जवळ नजर आणायला डोळ्याला वेळ लागतो. आकडे जितके दूर आणि जितके रस्त्याच्या जवळ, तितका तो वेळ कमी. स्विच मात्र हाताजवळ हवेत, म्हणून ते टेपच्या खाचेत. ती खाच 180 गुणिले 50 मिलिमीटर, जगभर एकच माप, त्यामुळे पट्टी कापणं सोपं. दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी साकीनाक्याला कापून, भोकं पाडून आणली.

चार स्विच. रेडिएटरचा पंखा हाताने लावायचा, आकड्यांचा उजेड कमी-जास्त, मोबाइल चार्जर, आणि बझर गप्प करायचा. शेवटचा दाबला की बझर दोनच मिनिटं गप्प राहतो. कायमचा बंद करता येत नाही, तसं ठेवलंच नाही.

पंख्याच्या स्विचचा प्रश्न मोठा होता. ट्रॅफिकमध्ये तो न पाहता सापडला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या झडपांऐवजी) चाकं आत घ्यायचे, कारण दोन्ही दांड्या शेजारी आणि हाताला सारख्याच लागायच्या. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1943 मध्ये चाकांच्या दांडीला रबरी चाक आणि फ्लॅपच्या दांडीला पाचर लावली. हात लावला की काय आहे ते कळतं. मी पंख्याच्या टॉगलवर लाकडी मणी बसवला. आईच्या जुन्या पडद्याचा, सुपारीएवढा. बाकी तीन स्विच सपाट. बाबांच्या हातात पट्टी दिली, डोळे मिटायला सांगितले. पहिल्या झटक्यात मणी.

नावं मराठीत कोरली: पाणी, हेड, व्होल्ट. खाली पंखा, उजेड, मोबाइल, आवाज.

8 जुलै

रात्री एक ते सकाळी सात, सहा तासांत शहरात काही ठिकाणी 300 मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकल बंद. आमच्या टिळकनगरच्या आवारात गाडीच्या चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाणी चढलं होतं, दुपारी उतरलं. आत शिरलं नाही, पण पायाखालचं कार्पेट ओलं आहे. चारही दरवाजे उघडे ठेवून पंखा लावला. बाकी काही नाही.

14 जुलै

तव्याची चाचणी. मानखुर्दचा प्रसंग घरात पुन्हा घडवायचा होता. इंजिनातलं पाणी काढून ते करून पाहायची परवानगी मामाने दिली नाही आणि मीही मागितली नसती.

एका बर्नरवर तवा, तव्यावर थर्मोकपलची रिंग, वर जुना वजनाचा बाट ठेवून दाबलेली. हे झालं हेड. दुसऱ्या बर्नरवर पातेल्यात सेंडर. हे झालं पाणी. दोन्ही 90 च्या आसपास आणले. दहा मिनिटं काही होत नाही, दिवे बंद, दोन आकडे शेजारी शेजारी. मग मी दोरा धरून सेंडर पातेल्यातून उचलला आणि हवेत टांगला. बाबा दारात उभे होते.

पाण्याचा आकडा: 91, 88, 84, 79. तव्याचा: 92, 95, 99, 104. एक उतरतोय, एक चढतोय. दोघांत 20 चं अंतर पडलं आणि बझर वाजला. पाणी तेव्हा 81 दाखवत होतं. जुन्या मीटरवर ते अगदी चांगलं वाटलं असतं.

या प्रकल्पात खरं काही असेल तर ते एवढंच आहे. एका आकड्याला त्याची खातरजमा करणारा दुसरा आकडा हवा. पाणी एकटं सांगू शकत नाही की ते जागेवर आहे.

बाबा बराच वेळ पातेल्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "असं झालं होतं तर." आणि थोड्या वेळाने, "मला काटा उतरताना दिसला होता गं. मी पाहत होतो त्याच्याकडे."

28 जुलै

मामा सकाळी आठला आला, संध्याकाळी सातला गेला. सगळं गाडीत बसलं. होज कापून अडॉप्टर, हेडच्या बोल्टखाली थर्मोकपल, पंख्याला रिले (आकडे त्याच्या पिनांचे): 30 वर फ्यूजमधून बॅटरी, 87 वर पंखा, 85 आणि 86 वर स्विच, कॉइलला आडवा डायोड. मामा प्रत्येक जोडाला आधी थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबतो, मग सोल्डर, मग स्लीव्ह. मी म्हटलं थिंबल पुरेल. "पावसाळा आहे," एवढंच उत्तर.

दोन त्रास झाले. थर्मोकपलचा आकडा इंजिन चालू होताच उड्या मारायला लागला. त्याचा जोड रिंगच्या धातूला चिकटलेला होता, त्यामुळे इंजिनाची अर्थ (विजेच्या परतीची, निगेटिव्ह बाजू) थेट मॅक्स 6675 मध्ये येत होती. रिंगपासून जोड वेगळा असलेला थर्मोकपल हाताशी होता, तो लावला, आकडा स्थिर.

दुसरा त्रास लपलेला होता. इंजिन चालू, हेडलाइट लावले की पाणी 83 वरून 89. बंद केले की परत 83. हेडलाइटने पाणी कसं तापेल? मी प्रोग्रॅम तपासत बसले. मामाने चावी बंद करायला लावली, नुसते हेडलाइट लावले. आकडा हलला नाही. इंजिन चालू करून लावले, पुन्हा 89. तो हसला आणि बोनेटखाली वाकला.

त्याने सांगितलं ते असं. इंजिन चालू असताना हेडलाइटचा करंट अल्टरनेटर देतो. अल्टरनेटर इंजिनावर आहे, हेडलाइटची अर्थ बॉडीवर. परतीचा सगळा करंट बॉडीतून इंजिनाकडे एका विणलेल्या पट्टीतून जातो. ती पट्टी गंजली की तिच्यात व्होल्टेज पडतं. माझ्या पॅनलची अर्थ बॉडीवर, सेंडरची इंजिनावर, आणि मधे ही पट्टी. मल्टिमीटर लावला: बॉडी आणि इंजिन यांच्यात 0.41 व्होल्ट. इंजिन बंद असताना करंट बॅटरीतून येतो, या पट्टीतून जातच नाही, म्हणून आकडा हलत नव्हता.

पट्टी सोडवली. खालच्या टोकाला हिरवा भुगा, बोल्टखाली रंग आणि गंज. पॉलिश पेपरने दोन्ही टोकं चकचकीत केली, ग्रीस लावून आवळली. 0.05 व्होल्ट. शिवाय सेंडरची अर्थ मी सरळ वेगळ्या वायरने पॅनलपर्यंत आणली. आता हेडलाइट, ब्लोअर, मागची काच, काहीही लावा, पाणी 83. मामा म्हणतो, गाडीतल्या विजेच्या तक्रारी घेऊन कुणी आलं की तो आधी अर्थ पाहतो, मग गाडी.

4 ऑगस्ट

पहिली रस्त्यावरची चाचणी, मी चालवत होते, मामा बाजूला वही घेऊन. पांजरापोळहून फ्रीवे. वेग 70 ला स्थिर असताना पाणी 84, हेड 93. अणुशक्तीनगरच्या बोगद्यात शिरलो, पाचशे मीटर. उजेड मोजणाऱ्या एलडीआरने आकडे मंद केले, पण प्रत्येक दिव्याखालून जाताना पुन्हा प्रखर, पुन्हा मंद. डोळ्याला फार त्रासदायक. घरी येऊन तीन सेकंदांची सरासरी लावली. जुन्या मीटरमधली सावकाश तापणारी पट्टी आठवली.

परतताना मुद्दाम शीवला गेलो. 1 तारखेपासून तिथला रेल्वेवरचा पूल पाडण्यासाठी बंद आहे, त्यामुळे तुंबलेल्या ट्रॅफिकची चाचणी घ्यायला याहून चांगली जागा नाही. 25 मिनिटांत पाणी 96 पर्यंत, पंखा आपोआप लागला, 89 वर उतरलं. हेड पाठोपाठ 106 वरून 98. दोघं बरोबर चढतात, बरोबर उतरतात, मधलं अंतर नऊ-दहाच राहतं. हेच हवं होतं.

18 ऑगस्ट

मामाच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. चावी फिरवली की सगळे दिवे, सगळे सेगमेंट आणि बझर दोन सेकंद लागतात. एखादा लागला नाही तर तो गेला. आणि चालू असताना व्होल्टच्या आकड्याशेजारचा टिंब दर सेकंदाला एकदा लुकलुकतो. बोर्ड अडकला तर टिंब थांबेल. मामाने तीनदा चावी फिरवून पाहिलं आणि कागदाच्या कोपऱ्यातल्या प्रश्नावर स्वतःच्या पेनने बरोबरची खूण केली.

1 सप्टेंबर

बाबांना काही बोलले नाही. चावी टेबलावर ठेवली, म्हटलं, मी पाच मिनिटांत येते, तुम्ही खाली चला. खाली आले तर ते ड्रायव्हर सीटवर होते.

चेंबूर नाका, मग अमर महल, मग परत. पहिली दहा मिनिटं ते आकड्यांकडे सारखे पाहत होते. नंतर कमी. अमर महलच्या सिग्नलला त्यांचा हात न पाहता मण्यावर गेला, पंखा लावला, पुन्हा बंद केला. नुसता अंदाज घेत होते. उतरताना एक दुरुस्ती सांगितली: रात्री व्होल्टचा आकडा इतका उजळ नको, तो कमी महत्त्वाचा आहे. बरोबर आहे. तो आजच मंद केला.

5 सप्टेंबर

पहाटे चार. डिकीत मखर, मागच्या सीटवर आई, तिच्या पायाशी पातेल्यांची पिशवी. सीटच्या मागच्या खिशात दोन जादा फ्यूज आणि एक रिले, शिवाय पाण्याच्या पाच लिटरच्या दोन बाटल्या. मामा सोडायला आलाय, गेटपाशी उभा आहे.

बाबांनी चावी फिरवली. आकडे सगळे आठ, दिवे सगळे लाल, बझर. दोन सेकंद.

"लागले सगळे?" खिडकीतून मामाने विचारलं.

"लागले," बाबा म्हणाले, आणि सेल्फ मारला.